बळीरामभाऊंची स्वतःविरुद्ध तक्रार

नव्या कायद्यानं वजनमापे निरीक्षक धम्मदीप मेश्रामांचे हातच बांधले होते. लेखी तक्रार आल्याशिवाय कुणाचंही वजन तपासायचं नाही! दोन वर्षं ते लकडगंजच्या बाजारातून चरफडत, नुसतं बघत जात.

सोमवारी अखेर एक तक्रार आली. डाळवाले बळीराम नंदनवार यांची वजनं तपासावीत. खाली तक्रारदाराची सही होती, बळीराम नंदनवार.

मेश्राम तडक दुकानात गेले. "बळीरामभाऊ, स्वतःचीच तक्रार? काहून गा?"

"मंग का करू साहेब? तुमी तर येनंच सोडलं," सत्तरीचे बळीरामभाऊ रुसून म्हणाले.

किलोचं वजन झिजून पाच ग्रॅमनं हलकं झालं होतं. मेश्राम भडकले. "म्हणजे दोन वर्षं गिऱ्हाइकाले डाळ कमी गेली!"

"नाही जी. तपासणी नाही म्हनून मले भेव वाटे. दर किलोवर एक मूठ वरून टाकून राहिलो."

मेश्रामांनी ती मूठ तोलून पाहिली. पन्नास ग्रॅम भरली.

त्यांनी नियमाप्रमाणे वजन जप्त केलं. मग तीस वर्षांत कुठल्याच दुकानाचा चहा न घेतलेले मेश्राम स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चहा सांगा, भाऊ."