सिस्टर आणि बिनडोक्याचं बदक

आमच्या सासूबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. अमरावतीच्या एका दवाखान्यात त्यांनी उभी हयात ऑपरेशन थिएटर सांभाळण्यात घालवली होती आणि बाहेरची चप्पल घालून आत येणारा माणूस व जंतू यांत त्या फारसा फरक करत नसत. वऱ्हाडात सासूला मामी म्हणायची रीत आहे. पण अख्खी मोर्शी त्यांना सिस्टर म्हणायची. माझी बायको मंजूसुद्धा चिडली की आईला सिस्टरच म्हणायची. मग मीही तेच उचललं.

निवृत्त झाल्यावर त्या मोर्शीला, आपल्या माहेरगावी राहायला गेल्या. त्यांच्या वयाच्या बायका भजनी मंडळात नाव घालतात. सिस्टरनी होडी घेतली. अमरावतीकडच्या एका बागेतलं बोटिंग बंद पडलं होतं, तिथली चार माणसांची पायडल मारायची होडी त्यांनी ट्रकात घालून आणली. होडी बदकाच्या आकाराची होती, पण वाटेत बदकाची मान मोडली. सिस्टरनी फ्रॅक्चर तपासलं, जोडण्यात अर्थ नाही असा निकाल दिला आणि उरलेला खुंट पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केला. हे बिनडोक्याचं बदक गावाबाहेरच्या तलावात सोडलं गेलं. तलाव मासेमारी सोसायटीचा होता. सोसायटीच्या अध्यक्षांचं हर्नियाचं ऑपरेशन सिस्टरच्या हजेरीत झालं होतं, आणि आपल्याला या बाईनं कोणत्या अवस्थेत पाहिलंय हे आठवत असल्यामुळे अध्यक्षांनी परवानगीचा अर्जसुद्धा मागितला नाही.

मंजूला बघायला मी अकोल्याहून गेलो तो कार्यक्रम या होडीतच झाला. कांदेपोहे काठावर आणि मुलाखत पाण्यात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्या मानानं बरे बूट घालून गेलो होतो. काठावर चुना लावलेल्या विटांची एक ओळ होती. पायताणं तिच्या अलीकडे काढायची, घंगाळातल्या पाण्यात पाय धुवायचे, टॉवेलनं बोटांच्या बेचक्यांसकट पुसायचे आणि मग अनवाणी होडीत, असा रिवाज होता. बूट काढले तेव्हा माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मंजूनं सभ्यपणे तलावाकडे पाहिलं. सिस्टर मात्र वाकल्या, अंगठा नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "मोजा फाटला हाये, पण नख सरळ कापता तुमी. चालते." लग्न तिथेच ठरलं असं मी आजही मानतो.

होडीची साफसफाई हा एक स्वतंत्र संसार होता. फेरी झाली की बाकांच्या फळ्या काढायच्या, तळ स्पंजनं कोरडा करायचा, फळ्यांची खालची बाजू पुसायची, पायडलमध्ये अडकलेलं शेवाळ चिमट्यानं काढायचं. चिमटा थिएटरमधलाच असावा, विचारायची हिंमत कोणी केली नाही. लाइफ जॅकेटांना कायम फिनेलचा वास यायचा. होडीत तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याला त्या काठावरूनच परत पाठवत. एवढं मोर्शीनं सहन केलं. पण त्यांनी होडीत संत्रं खायलाही बंदी घातली होती, का तर रस सांडून तळ चिकट होतो. संत्र्यांच्या मुलखात, संत्र्याच्या बागा असलेल्या भावांच्या तोंडावर हे सांगायला फार मोठी छाती लागते. दोन भाऊ सहा महिने बोलत नव्हते. तेवढ्या काळात होडी लय साफ राहिली, असं सिस्टर समाधानानं सांगत.

बुटांवर त्यांचा सर्वांत मोठा राग होता. बुटाच्या तळव्यात खडा असतो आणि खड्याला पोट नसलं तरी तो होडीचं पोट फाडतो, असं त्या म्हणत. मला ही अतिशयोक्ती वाटायची. लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात ही समजूत मलाच महागात पडली.

त्या अधिकात जावयाचा मान म्हणून आम्हाला मोर्शीला बोलावलं होतं, सोबत माझे वडीलही होते. एका दुपारी मी एकटाच तलावावर फिरायला गेलो आणि सकाळच्या फेरीत चष्मा होडीत राहिल्याचं लक्षात आलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. बुटांच्या नाड्या सोडून पाय धुण्याचा कंटाळा आला, म्हणून मी काठावर ओढलेल्या, फळ्या काढून ठेवलेल्या होडीत सरळ उडी टाकली. टाचेखाली कर्र असं काहीतरी वाजलं. मी चष्मा उचलला, आवाज ऐकलाच नाही असं ठरवलं आणि घरी येऊन पुरणपोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अनारशांचा डबा घेऊन आम्ही चौघं होडीवर गेलो. वडील निवृत्त तलाठी, मानपानाच्या बाबतीत फार हळवे. मुलाच्या सासूसमोर बूट काढून पाय धुवायचे, हे त्यांना पटेना. मी तसाच बसतो, नाहीतर येतच नाही, असं त्यांनी मंजूला सांगितलं. सिस्टरनी त्यांच्यापुढे घंगाळ सरकवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "व्याहीबुवा, जमिनीवर तुमी मोठे. होडीत सारे पेशंट." वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू सासू मीच निवडून आणली होती. पण त्यांनी बूट काढले.

पुढे मी आणि सिस्टर पायडल मारत होतो, मागे वडील आणि मंजू. तलावाच्या मध्यावर गेल्यावर वडील कुरकुरले, की पायाला पाणी लागतंय. मी म्हटलं, पाय नीट पुसले नसतील. सिस्टरचे पाय मात्र जागच्या जागी थांबले. निघण्यापूर्वी त्यांनी स्वतः तळ पुसला होता, फक्त वडिलांच्या मानपानाच्या गडबडीत बाकाखाली वाकून बघायचं राहिलं होतं; म्हणजे हे पाणी नवीन होतं. वडिलांना बाजूला सरकवून त्यांनी मागच्या बाकाची फळी उचलली. तळाला बोटभर लांब चीर होती आणि तिच्यातून पाणी उसळून येत होतं.

त्यानंतर काय झालं ते मला एखाद्या ऑपरेशनसारखं आठवतं. सिस्टरनी हात पुढे केला, "स्पंज" म्हणाल्या, मी दिला. त्यांनी तो चिरेत दाबला आणि मंजूला त्यावर टाच रोवून बसायला सांगितलं. वडिलांच्या हातात अनारशांचा डबा दिला आणि पाणी उपसायला लावलं. अनारसे तलावात गेले. "जावईबापू, मांगं नका पाहू, पायडल मारा," एवढंच मला सांगितलं. मला पोहता येत नाही. मंजूलाही येत नाही. मी आयुष्यात तेवढ्या जोरानं काहीच केलेलं नाही.

काठाला लागलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर आलं होतं. सगळ्यांनी मिळून होडी वर ओढली, उलटी करून पाणी काढलं आणि पुन्हा सरळ केली. चिरेच्या शेजारीच टाचेचा काळा, अर्धगोल ओरखडा होता. सिस्टरनी तो पाहिला. मग विटांपलीकडे ठेवलेले माझे बूट पाहिले. मग मला पाहिलं. एवढ्यात वडिलांनी विचारलं, की एवढी साफ ठेवलेली होडी फुटली कशी.

"जुनी हाये, तडकली," सिस्टर म्हणाल्या.

वडील दिवसभर त्यांचं कौतुक करत होते. अनवाणी होतो म्हणून पाणी आल्याबरोबर कळलं, हे त्यांनी अकोल्यात भेटेल त्याला सांगितलं. फक्त बूट पायात असते तर उपसायला तरी कामी आले असते, हेही ते जोडत.

संध्याकाळी मी सिस्टरपाशी जाऊन कबूल केलं. त्या भांडी घासत होत्या. त्यांना ठाऊकच होतं. तुमच्या बापासमोर तुम्हाला उघडं पाडून चीर थोडीच बुजणार होती, असं म्हणाल्या. मग मान वर न करता पुढचं वाक्य आलं, "पन आवाज आला तवाच सांगाचं होतं. मंजू होती न त्या होडीत." त्यानंतर त्या कधीही या विषयावर बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी मला मोर्शीला बोलावून चीर बुजवायच्या रेझिनचा डबा हातात दिला आणि रसायनशास्त्र शिकवता तर लावा म्हणाल्या. तीनदा लावलं, तीनदा खरवडून काढायला लावलं. चौथ्यांदा पास झालो.

मागच्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले आणि आम्ही त्यांना अकोल्याला आणलं. आमचं घर त्यांनी फिनेलनं जिंकलं. हिवाळ्यात एकदा, काही न सांगता, मी आणि मंजूनं त्यांना गाडीत घालून मोर्शीला नेलं. उचलून होडीत बसवलं. त्यांनी आधी तळावरून बोट फिरवून पाहिलं, मग बसल्या. सुरुवातीला दोन-चार सूचना केल्या. मग बोलणं थांबलं. वळून पाहिलं तर सिस्टर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. एवढ्या वर्षांत मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. प्रवासात नाही, घरी नाही, तापातसुद्धा नाही.

मी पायडल हळू केलं. काठावरून मंजूनं जेवायला हाक मारली, मी हातानंच थांब म्हटलं. तलावाच्या किती फेऱ्या झाल्या माहीत नाही. शेवटी पाय लटपटू लागले तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि किती वेळ झाला म्हणून विचारलं. आत्ताच तर निघालो, मी म्हणालो.

सिस्टरनी डोक्यावर आलेल्या उन्हाकडे पाहिलं. मग माझ्या घामाकडे पाहिलं.

"मंग मारा अजून एक चक्कर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.