वेगळं ताट

समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी ऐन मे महिन्यातही बंद असते. तिच्या ग्रिलमध्ये एक स्टीलचं ताट आणि पेला रोज वाळत ठेवलेला दिसतो, घरातल्या बाकी भांड्यांपासून वेगळा. ते ताट मी ओळखते. धाकट्या काकांना टीबी झाला तेव्हा आमच्याकडेही असंच एक ताट मोरीच्या कोपऱ्यात असायचं. काकांना खोकल्याची उबळ आली की आई आधी खिडकी लावून घ्यायची. "शेजारी ऐकतील," म्हणायची.

पुढे डॉक्टर म्हणाले, "अहो, हे जंतू ताटातून नाही, हवेतून पसरतात. खिडक्या उघडा." तोवर रोज संध्याकाळी चढणाऱ्या तापाने काकांच्या अंगावर मांस ठेवलं नव्हतं, आणि रुमालात रक्त पडू लागलं होतं. जंतूला लाज नसते, पण आपली लाज त्याच्या फार कामाला येते. ती खिडक्या लावून घेते आणि तो त्या कोंडलेल्या हवेत निवांत तरंगत राहतो, पुढच्या श्वासाची वाट बघत.

मागच्या आठवड्यात त्या घरातली सून भाजीवाल्यापाशी भेटली.

"खिडकी बंदच असते तुमची. उकडत नाही का हो?" मी विचारलं.

"धूळ फार येते ना, ताई," ती खाली बघत म्हणाली.

मला सगळं कळलं होतं. पण तिला काय वाटेल, म्हणून मी कोथिंबिरीची जुडी निवडत राहिले.

आज सकाळी त्या ग्रिलमध्ये दोन ताटं वाळत होती. दुसरं छोटं होतं, कप्प्याकप्प्यांचं, लहान मुलांना देतात तसलं.