तराजूचा हात

तलावावर त्याला सगळे तराजू म्हणायचे. हे नाव खुद्द बायकोने ठेवलेलं. लग्नानंतर एकदा ती त्याचं काम पाहायला आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "म्हणजे तुम्ही तराजूच की, फक्त ओला!" झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम खरोखर तोलाचंच होतं. अंतराळात वजन जाणवत नाही, मग तिथल्या कामाचा सराव जमिनीवर करायचा कसा? तर पाण्यात. चार मजली घर बुडेल एवढ्या खोल तलावाच्या तळाशी यानाची नक्कल उभी होती. अवजड पोशाख घातलेल्या उमेदवाराला यारीने पाण्यात सोडायचे आणि पाणबुडे त्याचा ताबा घ्यायचे. तराजू त्याच्या पोशाखाच्या खिशांत कुठे शिशाची पट्टी घालायचा, कुठे फोमचा तुकडा. माणूस वर जाता कामा नये, खाली जाता कामा नये आणि कुशीवर कलंडता तर मुळीच कामा नये. सगळं जमलं की पाण्यातल्या भोंग्यातून साहेबांचा आवाज यायचा, "हात काढ." तो दोन्ही हात काढायचा. माणूस जागच्या जागी राहिला, की सराव सुरू.

बायको शिवणकाम करायची. तिची जीभ कात्रीसारखी आणि हात लोण्यासारखा. तिचं दुखणं हाडांत शिरलं तेव्हा आधी मशीन बंद झालं, मग चालणं, मग बसणं. गादीसुद्धा टोचायची. कुशीवर वळवायला दोघं लागायची, तो आणि तिची धाकटी बहीण. वळवताना एरवी इतकी बोलणारी बाई नुसती ओठ चावायची.

उभी हयात लोकांना बिनवजनाचं करण्यात गेली आणि घरच्या माणसाला गादी सोसवत नाही! शेवटी इस्पितळात व्यायामासाठी कोमट पाण्याचा छोटा तलाव होता, तो त्याने रविवारी दुपारपुरता मागून घेतला. तिने पडल्या पडल्या स्वतःच्या हाताने खिशांचे पट्टे शिवले, कंबरेचे, गुडघ्यांचे, घोट्यांचे. अंगावर चरबी असली की माणूस वर तरंगतो, म्हणून पहिल्या रविवारी कंबरेला थोडं शिसं लावावं लागलं.

"चांगली खात्यापित्या घरची दिसतेस," तो म्हणाला.

"दिसणारच. तुमच्या वाटचंही मीच खाल्लंय," ती म्हणाली, आणि पाण्यावर उताणी पडून हसली. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावर आठी नव्हती. तो तिच्या पाठीखाली हात धरून उभा राहिला.

पण तोल बदलायला लागला. आज शिसं कमी, पुढच्या खेपेला त्याहून कमी, मग एकदम शून्य. मग फोम वाढवायची पाळी. डॉक्टरांच्या काट्यावर तिला उभं करता येत नव्हतं, पण त्याला काट्याची गरजच नव्हती. तिच्या अंगावरून काय काय उतरलं ते त्याच्या बोटांना कळत होतं, आणि त्या बोटांची त्याला चीड यायची. तिला समजू नये म्हणून तो शिशाच्या खिशात गुपचूप फोम सारायचा आणि वर म्हणायचा, "बघ, शिसं होतं तेवढंच आहे. अंग धरायला लागलीस."

मेहुणी काठावर बसून हे ऐकायची आणि तोंड फिरवायची.

एका रविवारी बायको पाण्यात पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, तो कंबरेचा खिसा कुणी शिवलाय?"

"तूच."

"मग त्यात शिसं आहे की फोम, हे मला कळणार नाही? फोम घातलात त्याच दिवशी कळलं. तुम्हाला बरं वाटत होतं म्हणून बोलले नाही."

मग ती म्हणाली, "एक मागते. हात काढा. तुमच्या त्या लोकांवरचा काढता तसा."

"अगं, बुडशील."

"तुम्ही तोललेलं कधी कुणी बुडलंय? अहो, केव्हापासून माझ्या अंगावर कुणाचा ना कुणाचा हात आहेच. वळवायला हात, पुसायला हात, भरवायला हात. मायेचेच आहेत, नाही कुठे म्हणतेय. पण एकदा मला नुसतं पडू द्या, कुणाच्याही हाताशिवाय."

त्याने तोल पाहिला. अचूक होता. हात काढला असता तर ती तसूभर हलली नसती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्याचा हात निघेना.

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला. "नक्की."

"बरं," ती म्हणाली. हट्ट तिने केला नाही.

पुढच्या रविवारी तिला पलंगावरून उचलण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि त्याच आठवड्यात ती गेली. जाताना तिचा हात त्याच्या हातात होता. लोक म्हणाले, भाग्यवान. त्याला ते ऐकवेना.

दिवसकार्य झाल्यावर तो कामावर गेला. तलावात त्या दिवशी एक तरुण उमेदवार होती, त्याला काका म्हणणारी. त्याने तिला तोललं. भोंगा म्हणाला, "हात काढ." मग पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा साहेबांनी आवाज चढवला तेव्हा त्याने हात काढले. ती जागच्या जागी राहिली.

पोशाख उतरवून ती बाकावर खांदे चोळत बसली होती. तो जवळ गेला. इतक्या वर्षांत जे कधी कुणाला विचारलं नव्हतं, ते त्याने तिला विचारलं, "आम्ही हात काढतो ना, तेव्हा कसं वाटतं गं?"

"आत वजन असतंच, काका. पोशाख तरंगतो, आपण आतल्या आत त्याच्यावर पडलेलो असतो. खांदे तर मोडून येतात." ती थोडा विचार करून हसली. "पण हात निघाला की क्षणभर फार बरं वाटतं. दिवसभरात तेवढाच वेळ मी एकटी असते. का हो?"

"काही नाही," तराजू म्हणाला. "घरी एकीला हवं होतं."