विजार कुणाच्या पायात

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ इथल्या फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारातून, डच चित्रं आणतात. एके काळी जत्रेत विकली जाणारी, स्वस्त कागदावर छापलेली. दर रविवारी ते चित्र घेऊन आमच्याकडे चहाला येतात, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतात आणि जर्मन वळणाने सुरू करतात, "आल्झो, तर वहिनी, आधी कोपऱ्यातला प्राणी शोधा." मग समजावतात: घुबडाच्या चोचीवर चष्मा आणि शेजारी मेणबत्ती, म्हणजे ज्याला बघायचंच नाही त्याची टिंगल. आमची ही खिळून बसते. मी तिचा नवरा. माझं बोलणं ती मोबाइलमधून मान वर न काढता ऐकते.

परवा मी स्वयंपाकघरात कप विसळत होतो. बाहेरून हिचं हसू ऐकू आलं, अगदी पोट धरून. मी ॲप्रनसकट बाहेर गेलो. चित्रातल्या बायकोने नवऱ्याची विजार चढवली होती आणि नवरा ॲप्रन बांधून भांडी घासत होता.

मला पाहताच हिने हसू आवरलं. गृहस्थांनी चित्र हळूच पालथं घातलं. "हे काही खास नाही हो," म्हणाले. हिने लगेच मान डोलावली.

दोघांनी चिडवलं असतं तर मीही हसलो असतो. त्यांनी मिळून मला सांभाळून घेतलं.