वहिनीचा टीपकागद

निखिलचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होते. "आत्या, आई गेली," म्हणाला. विचारायचं ते मी आदल्या संध्याकाळीच माझ्या डोळ्यांनी बघून आले होते. समोर खिडकीच्या गजाला चिमट्याने अडकवलेला गुलाबी टीपकागद वाऱ्याने हलत होता, आणि त्यावर वहिनीने शेवटचा टिपलेला ऑइलचा थेंब होता. माझं लक्ष त्याच्याकडेच गेलं. माणूस गेल्याची बातमी कानात आणि डोळे कसल्या तरी डागावर! पण आमची वहिनी होतीच तशी. तिची आठवण काढायची तर देवघरापासून नाही, गाडीच्या बॉनेटपासून सुरुवात करावी लागते.

ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माझ्याहून वर्षाने मोठी. मी तिला बिनदिक्कत "अगं वहिनी" म्हणायचे, ती मात्र शेवटपर्यंत मला "वन्सं, तुम्ही" म्हणत राहिली. दादा मालवाहू जहाजावर, म्हणजे वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. मी लग्न केलं नाही, पनवेलच्याच एका शाळेत शिकवत होते. घरात आम्ही दोघी आणि तिचा निखिल. निखिलला दमा. साधासुधा नाही, आत्ता खेळणारं पोर अर्ध्या तासात ओठ निळे करून बसायचं. इथले डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, त्याने भागलं नाही की म्हणायचे, मुंबईला हलवा. ही नव्वदच्या सुमाराची गोष्ट. खारघरला तेव्हा टेकडी आणि शेतं, घरात फोन असणारे मोजके, आणि मुंबई म्हणजे खाडीपुलापलीकडचं दुसरं जग. म्हणून दादाने एक जुनी, डिझेल इंजिन बसवलेली गाडी घेऊन ठेवली आणि वहिनी ती चालवायला शिकली. नऊवारी नेसणाऱ्या आईची ही मुलगी, पदर खोचून गिअर टाकायची तेव्हा आळीतल्या बायका दारात यायच्या. वहिनीला त्याचं काही नव्हतं. "पोराला पोचवायचंय मला," एवढंच तिचं उत्तर.

भीती सुरू झाली ती उरणच्या रस्त्यावर. गाडीचं ऑइल बदलून आणलं होतं, गाडी कशी मऊ चालली होती, आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. जासईच्या पुढे इंजिनातून असा काही आवाज आला की मी निखिलला पोटाशी धरलं. घरघर, मग खडखड, मग काहीच नाही. इंजिन जाम. ज्याने ऑइल बदललं त्याने खालचा नट पुरता आवळलाच नव्हता, नवंकोरं ऑइल रस्ताभर गळत आलं होतं. दोन्हीकडे मिठागरं, उन्हाने डोळे दिपत होते, आणि निखिल नेमका तेव्हाच धापा टाकायला लागला. एका ट्रकवाल्याने आणून सोडलं, पोरगं वाचलं. पण वहिनीच्या मनात त्या दिवशी जे शिरलं ते शिरलंच. लोक ऑइल बदललं की निर्धास्त होतात. वहिनी ऑइल बदललं की झोपायची नाही. "वन्सं, जुनं ऑइल कसं आहे ते आपल्याला ठाऊक असतं हो," म्हणायची, "नव्याचं काय सांगावं?"

मग तिने ते रीतसर शिकून घेतलं. कोणाकोणाला विचारून, चुकून, पुन्हा विचारून. सकाळी पूजेच्या आधी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालून ओढायची. पातळी बघायची. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून कचकच लागते का ते बघायचं. वास घ्यायचा. आणि शेवटी एक थेंब टीपकागदावर. टीपकागद मी शाळेजवळच्या दुकानातून आणून द्यायचे, दुकानदाराला वाटायचं माझा वर्ग फार शाई सांडतो! तो कागद खिडकीला लावून चहा पीत ती बघत बसायची, थेंब कसा पसरतो ते. मधे काळा ठिपका आणि भोवती हळूहळू फिकी होत जाणारी कड आली, की सुस्कारा. डिझेलचं ऑइल चार दिवसांत काळं पडतंच, ते तिला कळलं होतं. तिला भीती काळ्याची नव्हतीच. तिला भीती होती दुधाची. ऑइलमध्ये पाणी शिरलं की ते चहासारखं दुधाळ होतं, आणि तसं इंजिन कुठे दगा देईल सांगता येत नाही. निखिल शाळेत निघताना विचारायचा, "आई, आज दूध नाही ना?" नवीन माणसाला वाटावं दूधवाला आला नाही.

आणि एका पावसाळ्यात ते दूध दिसलं. ऑइल बदलून आठवडा झाला होता. वहिनीने ऑइल ओतायचं झाकण उघडलं, तर आतून पिवळट-पांढरा फेस चिकटलेला. ती पांढरी पडली. तशीच गाडी घेऊन आम्ही हसूरामच्या गॅरेजात गेलो. हा हसूराम कोन गावचा, तोंडात सतत काहीतरी चघळणारा, कशालाच न घाबरणारा. त्याने बोटाने फेस काढला, पँटीला पुसला. "काय नाय वयनी. पावसाची हवा हाय. गारी तुमची बाजारापरत जाते न परत येते, गरमच नाय व्हत. मुंबईला एक फेरी मारा, जाल उरून."

"आणि नाही उडालं तर?"

"मंग पानी शिरतंय. हेड उघरावा लागल."

"म्हणजे ते कळायला मुंबईपर्यंत जायचं?"

"हां मंग!" असं म्हणून तो हसला. मला त्याच्या हसण्याचा संताप आला. साधा ओलावा असेल तर लांब गेल्याने जाणार, इंजिन फुटकं असेल तर लांब गेल्याने बंद पडणार... आणि कोणतं आहे ते गेल्याशिवाय कळणार नाही! वहिनीने ठरवलं, गाडी सोमवारी गॅरेजात टाकून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून घ्यायचं. तोवर देवाला हात जोडायचे.

निखिलने सोमवारची वाट पाहिली नाही. शनिवारी शाळेतून आला तोच खांदे उचलून श्वास घेत. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पुन्हा तपासलं, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "थांबू नका." रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेजारची जीप अलिबागला. वहिनी किल्ली घेऊन निघाली. मी मागे निखिलला मांडीवर उभं धरून बसले. आडवं केलं की त्याचा जीव जास्तच कोंडायचा. पाऊस भुरभुरत होता. कळंबोली गेलं, बेलापूर गेलं. निखिलच्या छातीतून शिट्टी वाजत होती आणि मी एक कान त्या शिट्टीकडे, एक इंजिनाकडे लावून बसले होते. कुठला आवाज आधी थांबेल, असं मनात येत होतं.

वाशीला, पूल यायच्या आधी, वहिनीने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"अगं काय करतेस! बंद काय केलीस?" मी ओरडलेच.

"पुलावर थांबता येत नाही, वन्सं. मधेच बंद पडली तर मागे नाही, पुढे नाही. आत्ता बघायला पाहिजे. छत्री घेऊन या."

मी निखिलला सीटच्या कोपऱ्यात टेकवलं, उतरले आणि बॉनेटवर छत्री धरली. पावसाचा एक थेंब पट्टीवर पडला असता तर आमचा आम्हालाच चकवा बसला असता. वाफ येत होती. वहिनीने पट्टी ओढली, पदराने पुसली, आत घातली, आणि पुन्हा ओढताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले. पट्टी माझ्यासमोर धरली.

"मला बघवत नाही. तुम्ही बघा. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. खरं सांगा."

खरं सांगते, बघायच्या आधीच "चांगलं आहे" माझ्या ओठावर आलं होतं. जायचं तर होतंच, मग तिला कशाला आणखी घाबरवा? पण तिच्या मिटलेल्या पापण्या बघितल्या आणि ते शब्द गिळले. पट्टी हातात घेतली. टोकाशी पोळलं. ऑइल काळं होतं. चकचकीत, गडद, एकसारखं काळं. बोटांवर घासलं, तार आली, कचकच नाही. दुधाचा मागमूस नाही.

"काळं आहे, वहिनी. नुसतं काळं!"

ती मटकन बंपरला टेकली आणि हसली की रडली, मला अजून ठरवता येत नाही. मी मागे वळले तर निखिल काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होता. काच त्याच्या श्वासाने धुरकटत होती, म्हणजे श्वास चालू होता. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पूल ओलांडला. निखिल वाचला हे वेगळं सांगायला नको, तो आज खारघरला दहाव्या मजल्यावर राहतो आणि ढोलासारखा घोरतो.

नंतर एकदा मी तिला विचारलं होतं, दूध दिसलं असतं तर काय केलं असतंस? भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला आणि निखिलला रस्त्यातल्या दुसऱ्या गाडीत घातलं असतं. मी राहिले असते गाडीपाशी. खरं कळलं की काहीतरी करता येतं हो. कळलंच नाही तर नुसतं घाबरायचं."

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. ती गाडीही गेली. वहिनीची सवय मात्र गेली नाही. निखिल आला की आधी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायचं, मग पोराला पाणी. शेवटचा थेंब तिने असाच टिपला, आजारी पडायच्या आधीच्या रविवारी.

तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बरं म्हणत होते, नर्सबाई छान म्हणत होत्या, निखिल तर सारखं "मस्त आहेस तू" म्हणत होता. शेवटच्या संध्याकाळी तो फोनवर बोलायला बाहेर गेला आणि वहिनीने माझं मनगट धरलं. पोटातून निघालेली नळी पलंगाच्या कडेला एका पिशवीत सोडली होती. वहिनीने डोळे मिटले.

"वन्सं, तुम्ही बघा. खरं सांगा."

तोच आवाज, त्याच मिटलेल्या पापण्या. मी वाकले. पिशवीत जे होतं ते आदल्या दिवसासारखं नव्हतं. गढूळ होतं, दुधाळ होतं. मी डॉक्टर नाही, पण मी त्या बाईच्या घरात आयुष्य काढलंय... मला फार भीती वाटली. खोटं बोलायला कोणी अडवलं नव्हतं.

"चांगलं नाही गं, वहिनी. गढूळ आहे."

तिने डोळे उघडले. घाबरलेली नव्हती. "बरं," म्हणाली. "नर्सला सांगा. आणि निखिलला आत बोलवा." नर्स आली, डॉक्टर आले, धावपळ झाली. तेवढ्यातही तिने निखिलला जवळ बसवून घेतलं, त्याचा हात सोडला नाही. काय बोलली ते त्याचं त्यालाच ठाऊक. सकाळी फोन आला.

मी बोलले ते बरं केलं का, हा प्रश्न मला उठता-बसता पडतो. वहिनीकडे याचं उत्तर असतं, पण आता विचारू कोणाला?

परवा निखिल पुण्याला निघाला होता. त्याच्या डिझेल गाडीचं सर्व्हिसिंग होऊन, ऑइल बदलून आठवडा झालेला. "बॉनेट उघड," म्हटलं. "आत्या, काही बिघडलं तर गाडीच सांगते आता," म्हणाला, पण उघडलं. मी पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली... आणि माझे डोळे आपोआप मिटले. पट्टी पुढे धरून मी तशीच उभी. मग ध्यानात आलं, डोळे मिटायची ती वहिनी आता नाही, आणि बघून सांगणारी मी तर डोळे मिटून उभी आहे!

पट्टी माझ्या हातातून कोणीतरी अलगद घेतली.

"काळं आहे, आत्या," निखिल म्हणाला. "नुसतं काळं."