प्रतीक्षा यादीतली दुसरी

माझी थोरली बहीण भरतकामाच्या कारखान्यात यंत्रं चालवते. एका ओळीत आठ यंत्रं, प्रत्येकाला बारा सुया. मालकांनी ती जपानहून जुनी म्हणून आणली, तेव्हा त्यांच्या छोट्या पडद्यावर आणि सोबतच्या जाडजूड पुस्तकात सगळं जपानीच होतं. काही अडलं की काम दोन-दोन दिवस ठप्प व्हायचं आणि बाहेरून येणारा मेकॅनिकसुद्धा नुसता डोकं खाजवत बसायचा.

ताईने एक वही घातली. पडद्यावरचं अक्षर जसंच्या तसं काढायचं आणि पुढे लिहायचं, हे आलं की दोरा तुटलाय, हे आलं की फ्रेम नीट बसलेली नाही. तीन वर्षांत वह्या सहा झाल्या. मोबाइलवर धडे ऐकून ती भाषेच्या दोन परीक्षाही पास झाली. कारखान्यातल्या बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागल्या.

मी वाचनालयात नोकरीला आहे. तिथल्या फलकावर मला एक पत्रक दिसलं. नोकरी करणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती होती. वर्षभर जपानमध्ये राहून भाषा शिकायची, पदवीची अट नाही. वय मात्र अर्ज करताना पस्तिशीच्या आत हवं. ताईला नुकतीच चौतीस वर्षं पूर्ण झाली होती.

"माझ्यासारख्यांना कोण घेणार?" ती म्हणाली. पण पत्रक तिने परत दिलं नाही.

सगळे कागद चार दिवसांत जमले. राहिलं फक्त मालकांचं पत्र, वर्षभर रजा द्यायला हरकत नाही असं. वडील गेले तेव्हा याच मालकांनी ताईला कामावर घेतलं होतं. आईच्या ऑपरेशनला स्वतःची गाडी पाठवली होती.

"देतो ना. मी कधी नाही म्हटलंय?" ते म्हणाले.

आठ दिवस गेले. मग पत्र टाइप झालं, पण चष्मा घरी राहिला होता. मग चष्मा आला, पण पत्रातली तारीख जुनी झाली होती. मी ताईला म्हटलं, "जरा स्पष्ट बोल की त्यांच्याशी."

"काय बोलू? वाईट माणूस असता तर बरं झालं असतं गं. भांडले तरी असते."

शेवटच्या दिवशी ती त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मालकांनी पेन उघडलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"वर्षाने परत याच दारात येशील?"

ताईला खोटं बोलता येत नाही. ती पत्राकडे बघत राहिली. त्यांनी सही केली. कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना आम्ही अर्ज दिला.

मुलाखत ऑनलाइन होती, जपानीतून. वाचनालयातल्या मागच्या खोलीत मी तिला संगणक लावून दिला आणि दाराशी स्टूल टाकून बसले. स्वतःची ओळख तिने घोटून पाठ केली होती. ती छान झाली. मग समोरच्या बाईंनी काहीतरी भलतंच विचारलं. ताईला ऐकू आलं नाही. "पुन्हा सांगा" म्हणायचं होतं, पण घाबरून तोंडातून निघालं ते यंत्राच्या पडद्यावरचं वाक्य, "कळ पुन्हा दाबा." पडद्यावरची तिन्ही माणसं हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ताईचे कान लाल झाले. रविवारी काय करता, असं त्या बाईंनी पुन्हा विचारलं. ताई म्हणाली, "रविवारी यंत्र बंद असतं. तेल घालते." आईचं करते, आम्ही दोघी फिरायला जातो, हे सगळे शब्द तिला येत होते. त्या वेळी एकही हाताशी आला नाही.

तरी नाव लागलं, पण प्रतीक्षा यादीत, दुसरं.

त्यानंतरचे सहा आठवडे आमचा जीव टांगणीला लागला. निवडलेल्यांपैकी एकीने माघार घेतली आणि ताई यादीत पहिली आली. त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. भाजी निवडताना एकदा मान खाली घालून म्हणाली, "कुणाला तरी ताप यावा, कुणाचा तरी पासपोर्ट हरवावा, असं सारखं मनात येतं माझ्या. मी अशी नव्हते."

मी नुसती देठं वेगळी करत राहिले.

शेवटी तिने कार्यालयात फोन लावला. पलीकडची मुलगी सौजन्याने बोलत होती.

"निवडलेले सगळे आज सकाळी जपानला गेले, ताई. तुमचे गुण शेवटच्या निवडलेल्या बाईंइतकेच होते. पण गुण सारखे असले की ज्याचा अर्ज आधी आला त्याला घेतात."

ताईने तिचे आभार मानले. फोन ठेवून मला सगळं सांगितलं आणि मग आईचं पांघरूण उगाच दोनदा झटकलं.

दोन दिवस ती कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी मालक घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाणी प्यायले, आईची तब्येत विचारली. उठता उठता म्हणाले, "माझ्या सहीला उशीर झाला म्हणून तर नाही ना राहिलं?"

"नाही हो," ताई म्हणाली. "माझी मुलाखतच बरी झाली नाही."

खोटं ती सहज बोलून गेली. मी स्वयंपाकघरात उभी होते. मालक जाईपर्यंत मी बाहेर आले नाही. आले असते तर काय बोलले असते कुणास ठाऊक.

पुढच्या वर्षी अर्जाची तारीख लागेल तेव्हा ताईला पस्तीस पूर्ण होऊन एकोणीस दिवस झालेले असणार. एकोणीस दिवसांची सवलत मिळावी म्हणून मी विनंती अर्ज लिहिला. चांगला दोन पानी लिहिला, वह्यांचंही त्यात घातलं. महिन्याने उत्तर आलं. तीन ओळी होत्या. वयाची अट शिथिल करता येत नाही, कळावे.

ताईने तो कागद उभ्याउभ्याच वाचला. सकाळची कामावर निघायची घाई होती, डबा हातात होता.

"आता काय करायचं?" तिने मला विचारलं. लहानपणापासून मी तिला विचारत आले, ती मला कधी विचारत नाही.

"बघू," मी म्हटलं.

तिने मान हलवली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.