करडांची गाडी

किकवीला हायवेलगत माझं पिकअपचे हौदे बांधायचं वर्कशॉप आहे. हल्ली जो तो एआयकडून नव्या गाडीचं चित्र काढून आणतो, आणि गिऱ्हाइकाने मोबाईल पुढे केला की माझ्या कपाळावर आठी चढते. भाटघरहून एकाने आणलेल्या चित्रातल्या जीपला दारं चार होती, बिजागरी एकही नव्हती. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या डोंगरावर शेळ्या पाळणाऱ्या एक मावशी लेकीला घेऊन आल्या आणि लेकीने मोबाईल काढला, तेव्हाच मी मनात नाही म्हणून टाकलं.

त्यांच्या पिकअपचा हौदा माझ्याच हातचा. गाडी लेक चालवते. आदल्या वर्षी पावसाळ्याआधी शेळ्या खाली आणताना घाटात जोरात ब्रेक लागला, शेळ्या एकमेकींवर पडल्या आणि तीन करडं चेंगरून मेली. तेव्हापासून मावशी करडांना गाडीत घालत नव्हत्या. पाटीत घालून, डोक्यावर घेऊन डोंगर उतरायच्या. आता गुडघे ऐकत नव्हते.

चित्रात हौद्याच्या फळीखाली जाळीचा बुटका कप्पा होता. करडं आत, शेळ्या वर. गाडी इतकी चकाचक की लेंडीसुद्धा नाही. एका शेळीला पाय पाच. ज्याला शेळीचे पाय मोजता येत नाहीत, त्याच्या हौद्यावर मी काय विश्वास ठेवू?

"म्या फकस्त एवढंच सांगितलं, करडं चेंगरू नयेत," लेक म्हणाली.

मी चित्र मोठं करून बघितलं. खोट सापडलीच. "कप्प्याखाली सायलेन्सर येतो. घाट चढेस्तोवर करडं भाजून निघतील."

पोरीचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझी एक रीत आहे. कुठलाही हौदा आधी फरशीवर खडूने खऱ्या मापात आखायचा आणि गिऱ्हाइकाला त्यात उभं करायचं. कागदावर फसायला होतं, पायाखाली होत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत आलो. मोबाईल बाजूला सारून मी जुनाच हौदा आखला, शेळ्या पुढे घसरू नयेत म्हणून मध्ये दोन आडव्या पट्ट्या वाढवल्या आणि म्हणालो, "या मावशी, उभ्या राहा."

मावशी रेघेबाहेरच थांबल्या.

"मागल्या टायमालाबी तुमी मला असंच उबं केलं हुतं दादा. मी मावले, तुमी व्हय म्हणालात. करडू कुठं उबं ऱ्हाईल, ते इचारलंच न्हाई." त्यांनी मोबाईलकडे बोट केलं. "त्या मेल्याला पाय मोजता येत न्हाईत, पर करडांना जागा काढली त्यानं."

मला राग आला. आधी त्या चित्राचा, मग त्या दोघींचा, आणि मग दुसरं कुणी उरलं नाही. त्या चित्रावर माझा आजही भरवसा नाही. पण सायलेन्सर मला दिसला तो माझ्या कामाचा म्हणून. करडं माझ्या कामाची आहेत असं मला कधी वाटलंच नव्हतं.

फडक्याने रेघा पुसल्या. सायलेन्सरपासून लांब, केबिनच्या पाठीशी नवा कप्पा आखायला बसलो आणि हात थांबला. मला माप ठाऊक नव्हतं.

"केवढं असतंय करडू?" मी विचारलं.

मावशी गुडघ्यावर हात टेकत कशाबशा वाकल्या आणि फरशीपासून दोन वितींवर तळवा धरला.

"त्या तिघांतलं धाकटं एवढं हुतं," त्या म्हणाल्या.